गॅप, फंड आणि माझा गोल शिक्का : खान्देशातल्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारचे चारही खासदार
आणि तिन्ही जिल्ह्यांतले वीस आमदार यांस

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर कोर्टात वकिली करतो आणि नोटरीचंही काम बघतो. इमिग्रेशनचा वकील मी नाही. आपल्या भागात तसा वकील माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि हे पत्र त्याच गोष्टीबद्दल आहे.

कपाशीची लागवड आटोपली होती, पाऊस लांबला होता, अशा दिवसांत चोपड्याकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले. मुलगा बाहेर मोटारसायकलजवळच थांबला. त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या पत्राचं ते प्रिंटआउट होतं. म्हणाले, "आबा, हाई इंग्रजी माले समजत नही. पोऱ्या बी काही सांगत नही. यामा काय लिखेल शे?"

पत्रात दोन गोष्टी होत्या. व्हिसा नामंजूर, ही पहिली. ती सांगायला सोपी होती, नापास झाल्यासारखी. दुसरी अशी की अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्या कायद्याच्या कलम ४० नुसार मुलगा पाच वर्षं कॅनडात यायला अपात्र ठरला आहे. हे सांगताना मी चहा मागवला. मग फाइल चाळायला घेतली. दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला खोटा निघाला होता. त्या दाखल्याच्या मागेच एक प्रतिज्ञापत्र टाचलेलं होतं, आणि त्यावरचा गोल शिक्का माझा होता.

मला काही आठवेना. रजिस्टर काढून पाहिलं, तर त्या दिवशी माझ्याकडे एकतीस नोंदी होत्या. नोटरी माणसाची ओळख बघतो, सही आपल्यासमोर झाली हे लिहितो. मजकूर खरा आहे असं तो म्हणत नाही. कायद्याने मी यात कुठेच सापडत नाही. पण त्या कागदावर सही करणाऱ्या बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मी त्याला वाचून दाखवलं नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते त्याच साखळीतली एक कडी म्हणून लिहितो आहे.

खोटा दाखला कशासाठी लागला, हे ऐकण्यासारखं आहे. मुलगा बीएस्सी झाल्यावर अडीच वर्षं जळगावच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करत होता. एकदा पूर्व परीक्षा निघालीसुद्धा. आपल्याकडे घरटी एक असा मुलगा सापडेल. व्हिसाची फाइल करून देणाऱ्या कन्सल्टंटने त्याला सांगितलं, "ही गॅप आहे. गॅप चालत नाही, अनुभव दाखवावा लागतो." आणि एका जिनिंग फॅक्टरीचा दाखला स्वतःच 'अरेंज' करून दिला. खरं सांगितलं असतं, हॉल तिकीट आणि अभ्यासिकेच्या पावत्या जोडल्या असत्या, तर फार तर व्हिसा नाकारला गेला असता आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. खरं बोलून एक वर्ष गेलं असतं, तिथे खोट्याने पाच वर्षं गेली.

मुलगा शेवटी आत आला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि मला तरी सगळ्यांत वाईट तीच वाटली. खोटेपणाचा ठपका ठेवण्याआधी कॅनडाचं खातं अर्जदाराला पत्र पाठवतं : तुमच्या या कागदाबद्दल आम्हाला शंका आहे, अमुक मुदतीत तुमचं म्हणणं मांडा. आपल्याकडच्या कारणे दाखवा नोटिशीसारखंच ते. असं पत्र या मुलालाही आलं होतं. पण अर्जावरचा ईमेल कन्सल्टंटने उघडलेला, पासवर्ड त्याच्याकडे. पत्र त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं आणि मुदत टळली. मुलाला त्याच्या नावाने असा एक ईमेल आहे, हेच निकालानंतर कळलं.

फाइलचे म्हणून घेतलेले दीड लाख परत मिळाले नाहीत. करारात बारीक अक्षरांत 'सर्व्हिस चार्जेस परत मिळणार नाहीत' असं होतं, आणि वाद झाला तर तो दुसऱ्या शहरातल्या कोर्टात चालेल, असंही. (हे कलम बघून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. हे मी त्यांना सांगितलं आणि तक्रार लिहूनही दिली.) पोलीस ठाण्यात मात्र 'ही दिवाणी बाब आहे' एवढंच ऐकायला मिळालं.

आता तुमच्या कामाचं.

कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला कोणी द्यायचा, हे ठरलेलं आहे : तिथला परवानाधारक वकील, क्वीबेकचा नोटरी, नाहीतर सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या वैधानिक नियामक संस्थेचा सभासद. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, कारण आधीच्या संस्थेच्या हातून बोगस सल्लागार आवरत नव्हते. ब्रिटनमध्ये पात्रता नसताना असा सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटांचं रजिस्टर आहे. अमेरिकेत अर्जदाराची बाजू मांडायची तर वकील हवा किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी. हे सगळे देश आपापल्या हद्दीत कडक आहेत. पण कॅनडाच्या राजधानीतला, ओटावाचा अधिकारी बसस्टँडसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या कन्सल्टंटच्या गाळ्याला सील लावायला येणार नाही. त्याला दिसतो तो अर्जदार. अर्जात प्रतिनिधीचं नाव लिहायला जागा असते, ती आपला कन्सल्टंट कोरी सोडतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात तर सरळ प्रश्नच आहे की हा अर्ज भरायला तुम्हाला कोणी मदत केली का. शंभरातले किती जण तिथे 'हो' लिहीत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. सही मुलाची, म्हणून खोटंही मुलाचं. ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत बंदी आहे. अमेरिकेत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा शिक्का बसला तर तो जन्मभर पुसत नाही. सूट मागता येते, पण मिळेलच असं नाही.

म्हणजे या गाळ्याला आवर घालायचा तर तो इथेच, आपल्या कायद्याने. आणि आपला कायदा आहे १९८३ चा.

तो एमिग्रेशन कायदा, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्यांचा, वाईट नाही. ज्याच्यासाठी केला त्याला उपयोगी पडतो. नोकरीसाठी परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते, उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव कोणालाही तपासता येतं. दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा (जाण्याआधी तपासणी आवश्यक असा) उल्लेख येतो, आणि तो आखाती देशांसह १८ देशांत कामाला जाणार असेल, तर निघण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत दहा लाखांचा अपघात विमाही मिळतो, दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये.

पण धुळ्याचा गवंडी दहावी पास झाला, की ही परवानगी लागत नाही. आणि एजंटाने त्याला 'आझाद व्हिसा', म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येतं, असं सांगून भलताच कागद हातात दिला किंवा टुरिस्ट व्हिसावरच विमानात बसवला, की तो या कायद्याच्या चाळणीतून खाली गळतो. लाख-सव्वा लाख मोजून गेलेला माणूस तिकडे कोणाच्याही हिशोबात नसतो. विद्यार्थी तर या कायद्याच्या चाळणीत कधी पडतच नाही. मुलांना कॅनडा-जर्मनीला 'पाठवणाऱ्या' माणसाला महाराष्ट्रात फक्त शॉप ॲक्टची नोंदणी पुरते. तो ते सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागे लावतो, वर अशोकस्तंभ असतो, आणि समोर बसलेल्या बापाला वाटतं, सरकारनेच यांना नेमलं आहे.

ऊसतोडीचा मुकादम नंदुरबार-साक्रीकडच्या माणसाला नवा नाही. त्याच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही, कोर्टात त्याच्या विरोधात उभा राहिलो आहे. पण मुकादम निदान उचल देतो. हा नवा मुकादम उलट आपल्याकडूनच उचल घेतो, आणि माणूस फडावर पोहोचला नाही तरी परत करत नाही.

गंमत बघा. बाहेरून भारतात येणाऱ्यांसाठी संसदेने २०२५ मध्ये अगदी नवा कायदा केला. १ सप्टेंबरपासून तो लागूही झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्याने मोडीत काढले. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरला तर दोन ते सात वर्षं कैद ठेवली. येणाऱ्यांचं इतकं झटपट झालं. जाणाऱ्यांसाठी मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ओव्हरसीज मोबिलिटी' नावाच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला, १९८३ च्या कायद्याच्या जागी आणायचा म्हणून. मी तो वाचला. एजंटांची मान्यता, माहितीचं पोर्टल, दंड, सगळं आहे. पण त्याचा सगळा जीव परदेशातल्या नोकरीत आहे. चोपड्याचा मुलगा नोकरीला नव्हे, शिकायला निघाला होता. चारही खासदारांना माझी पहिली विनंती हीच : पैसे घेऊन परदेशी शिक्षणाचा आणि व्हिसाचा सल्ला देणारा प्रत्येक माणूस त्या कायद्यात शब्दाने आला पाहिजे, 'इत्यादी'मध्ये नाही.

आमदारांसाठी उदाहरण पंजाबचं. तिथे २०१२ चा कायदा आहे. ट्रॅव्हल एजंट, व्हिसा सल्लागार, अगदी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास चालवणारे, सगळ्यांना परवाना घ्यावा लागतो आणि तो जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी देतो. हरियाणानेही २०२५ मध्ये आपला कायदा केला. या राज्यांना तो सुचला, कारण त्यांच्या गावांनी आधी किंमत मोजली होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना बेड्यांसह अमृतसरला उतरवून गेलं, तेव्हा बातम्यांत पंजाब, हरियाणा आणि गुजरातच होतं. पण त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. आपल्याकडे विमान उतरेपर्यंत थांबायचं का, एवढंच विचारतो.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, पंजाबात कायदा असूनही बोगस एजंट संपले कुठे? खरं आहे, संपले नाहीत. परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि टेबलाखालचा आणखी एक हात, हेही मला माहीत आहे; तहसील कचेरीत माझं आयुष्य गेलं आहे. म्हणून मला नुसता परवाना नको. मला तीन साध्या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या हव्यात. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड अर्जदाराचाच असेल. अर्ज ज्याने भरला त्याचं नाव अर्जावर असेल. आणि फी टप्प्याटप्प्याने, पावतीवर, मराठी करारावर. यातली पहिली गोष्ट तर उद्या जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आवाहनानेही सुरू होऊ शकते, आणि ती एकच असती तर त्या मुलाची पाच वर्षं वाचली असती.

आता फंडाबद्दल, कारण खान्देशची अडचण इथे वेगळीच आहे आणि मुंबईत बसलेल्याला ती कळणार नाही.

कॅनडाला शिकायला जायचं तर फीशिवाय पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. २०२३ अखेरपर्यंत एकट्या विद्यार्थ्याला १०,००० कॅनेडियन डॉलर पुरत होते. २०२४ मध्ये ते २०,६३५ झाले, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. ब्रिटनला पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून राहिलेले लागतात. इतके पैसे शेतकऱ्याकडे असतातही, पण कसे? कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो, केळीचा बाग कापला की व्यापाऱ्याकडून येतो, आणि आला की कर्जात, खतात, लग्नात जातो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न नाही. खात्यात अचानक आठ लाख आलेले दिसले की व्हिसा अधिकाऱ्याला वाटतं, उसने आणलेत. त्याचंही चुकत नाही, कारण बऱ्याचदा ते खरंच उसने असतात : 'अठ्ठावीस दिवसांचा पैसा' व्याजाने फिरवणारे लोक झाले आहेत. रावेरच्या केळीवाल्याचा खरा पैसा आणि सावकाराचा भाड्याचा पैसा, बँक स्टेटमेंटवर दोन्ही सारखेच दिसतात. मग कन्सल्टंट खऱ्याला अधिक खरं करायला खोटं रिटर्न भरून देतो, आणि प्रामाणिक बागायतदाराची फाइल बनावट होऊन बसते.

याला दिल्लीची गरज नाही. सातबारा, पीकपाहणी, बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या पट्ट्या यांवरून तहसीलदाराने उत्पन्नाचा दाखला मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांत द्यावा, त्यावर ऑनलाइन पडताळणीचा कोड असावा. आज माणूस मराठी दाखला घेतो, कोणाकडून तरी भाषांतर करून घेतो, आणि शिक्क्यासाठी माझ्याकडे येतो. मला त्याचे पैसे मिळतात, तरीही सांगतो, ही पायरी काढून टाका.

एक दिवस मात्र मी कन्सल्टंटांपेक्षा स्वतःवर जास्त चिडलो होतो. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. बातमी आपल्याकडे पोहोचली तेव्हा शनिवार होता, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. पितरांच्या पानावर बसलेले लोक फोन करत होते : मुलगा सुट्टीला आला आहे, आज रात्रीच परत पाठवू का? सून इथे आहे, अडकली का? ज्यांना उत्तर ठाऊक असायला हवं ते सगळे अंदाज सांगत होते, मीही त्यातलाच. त्या शनिवारीच तिकडून खुलासा आला, की हे शुल्क नव्या अर्जांना आणि एकदाच आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांच्या येण्या-जाण्याला नाही. तोवर तिपटीने तिकिटं काढून झाली होती. त्या दोन दिवसांत तिन्ही जिल्ह्यांत खात्रीचं उत्तर देणारा एक माणूस, एक टेबल, एक फोन नंबर नव्हता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, विद्यापीठ आहे, विधी महाविद्यालयं आहेत. या विद्यापीठाच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात हा विषय ऐच्छिक म्हणून तरी शिकवला जावा. दहा तरुण वकील तयार झाले तरी खान्देशाला पुरतील. लग्नाच्या मेळाव्यांत बायोडेटावर 'एच-वन' लिहिलं की स्थळांची रांग लागते. ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग मात्र आज दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तारखांवर अडली आहे, कारण कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही. हे मुलीच्या बापाला कोणी सांगत नाही. असो, तो माझा विषय नव्हे.

माझ्यापुरतं मी एक केलं आहे. आता व्हिसाच्या फाइलमधलं प्रतिज्ञापत्र आलं की सही करणाऱ्याला ते मराठीत, लागलं तर अहिराणीत वाचून दाखवतो, आणि मुलाला विचारतो : ईमेलचा पासवर्ड तुझ्याकडे आहे का? नसेल तर शिक्का मारत नाही. यात वीस मिनिटं जातात. कन्सल्टंटांनी माझ्याकडे माणसं पाठवणं बंद केलं आहे. दोन दुकानं सोडून दुसरीकडे तेच काम दोन मिनिटांत होतं. एका नोटरीच्या हट्टाने काही अडत नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितो आहे.

चोपड्याच्या त्या मुलाने पुन्हा अभ्यासिका लावली आहे. ग्राहक आयोगात तारीख पडली आहे. त्या प्रतिज्ञापत्राची नोंद माझ्या रजिस्टरात आहे, पान आणि क्रमांकासह. तुमच्यापैकी कोणी अधिवेशनाआधी या विषयावर बैठक बोलावली, तर मी ते रजिस्टर घेऊन येईन.

आपला,
अमळनेरचा एक नोटरी